पंगत आणि पहिला मान

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला सावनेर हे गाव बहुधा एकाच कारणाने ठाऊक असते. २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी यांचे इथे निधन झाले. वय अवघे तेहतीस. त्याच वर्षी ९ मे रोजी मुंबईत रेव्हरंड नारायण वामन टिळक गेले. आधुनिक मराठी कवितेचे दोन अगदी निराळे प्रवाह साडेतीन महिन्यांच्या अंतराने थांबले. पण या योगायोगाकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. आम्ही काही शिक्षक आणि विद्यार्थी गडकऱ्यांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास सावनेरला एका घरी जमतो आणि एखादे जुने पुस्तक मिळून वाचतो. यंदा या योगायोगाचेच निमित्त करून आम्ही लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' घेतले होते.

वाचन रंगात आले असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, या पुस्तकात प्रश्न धर्मांतराचा आहे, मग लक्ष्मीबाई सारख्या स्वयंपाकघरातच का जातात? कुणाच्या हातचे पाणी, कुणाची चूल, कोण जेवायला आले, हेच का सांगत बसतात?" आमच्यापैकी एकाने नेहमीचे उत्तर दिले : त्या काळातील स्त्रीचे जग तेवढेच होते. मुलीचे समाधान झाले नाही. खरे तर आमचेही झाले नाही. नंतर त्या प्रश्नाचा पिच्छा पुरवताना आम्ही लक्ष्मीबाईंच्या मागे अठराशे वर्षे गेलो आणि ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्या शतकातील काही पत्रांपाशी येऊन थांबलो. तिथेही वाद देवाच्या स्वरूपाइतकाच चुलीचा, पानाचा आणि दाराचा होता.

त्या शोधातून बनलेले आमचे मत आधीच सांगतो. आतिथ्य आणि गर्व ही दोन टोके आहेत, जिथे एक आहे तिथे दुसरे नसते, असा आपला समज आहे. तो खरा नाही. गर्व दार लावून घेणाऱ्यापाशी असतो तसा दार उघडणाऱ्यापाशीही असतो. किंबहुना आतिथ्यातून अधिकार निर्माण होतो म्हणूनच तिथे गर्वाला जागा मिळते. आणि त्याची कसोटी आपण किती देतो यावर लागत नाही. ती लागते आपण कुणाच्या हातून घेऊ शकतो यावर. आद्य ख्रिस्ती मंडळीचा हा पेच मराठी वाचकाला युरोपीय वाचकापेक्षा लवकर कळावा, कारण पंक्तिभेद म्हणजे काय हे त्याला कोशात पाहावे लागत नाही.

आधी त्या पत्रांकडे वळू. नव्या करारात योहानाचे तिसरे पत्र म्हणून एक चिठ्ठीवजा मजकूर आहे. मूळ ग्रीकमध्ये तो जेमतेम सव्वादोनशे शब्दांचा. नव्या करारातील सर्वांत लहान लेखन. लिहिणारा आपले नाव सांगत नाही, स्वतःला नुसते 'वडील' म्हणवतो. पत्र गायस नावाच्या गृहस्थाला आहे. गायसने प्रवासी उपदेशकांना, ते ओळखीचे नसतानाही, घरी उतरवून घेतले, यासाठी वडील त्याचे कौतुक करतात. मग तक्रार येते. दियत्रेफस नावाचा कुणी त्या मंडळीत आहे. तो वडिलांना मानत नाही, त्यांच्याविषयी वावगे बोलतो, प्रवासी बंधूंना घरात घेत नाही, आणि जे घेऊ पाहतात त्यांना अडवून मंडळीबाहेर काढतो. या माणसाचे वर्णन करताना लेखकाने जो ग्रीक शब्द वापरला आहे तो नव्या करारात अन्यत्र कुठेही येत नाही. पहिले असणे ज्याला प्रिय आहे तो, असा त्याचा अर्थ. मराठीत आपल्यापाशी यासाठी महाभारताने दिलेला शब्द तयार आहे : अग्रपूजा. राजसूय यज्ञात पहिला मान कुणाचा यावरून शिशुपालाचे जे झाले ते आपल्याला माहीत आहे. दियत्रेफसला अग्रपूजेचा हव्यास होता, असे म्हटले की काम भागते.

पण पहिले असण्याचा हव्यास आणि पाहुण्याला दार न उघडणे यांचा संबंध काय? तो त्या काळच्या व्यवहारात आहे. पहिल्या दोन शतकांत ख्रिस्ती मंडळीला स्वतःच्या वास्तू नव्हत्या. ती कुणाच्या तरी घरात जमे. रोमन साम्राज्यातील खानावळी आणि धर्मशाळा बदनाम होत्या. सभ्य प्रवासी ओळखीच्या घरीच उतरे. पत्रे, बातम्या, शिकवण हे सगळे प्रवाशाबरोबर चाले. म्हणजे ज्याचे घर मोठे, त्याच्या घरी मंडळी जमणार. त्याच्याच ओसरीवर प्रवासी उतरणार. आणि कोणता शब्द मंडळीच्या कानी पडायचा हेही तोच ठरवणार. यजमानपण हे तिथे पद होते. फिबी, प्रिस्किल्ला, अक्विला, गायस अशी जी नावे पौलाच्या पत्रांत येतात, ती बहुतेक घर किंवा आधार देणाऱ्यांचीच आहेत. उंबरठा ज्याचा, अधिकार त्याचा.

इथे साहित्याच्या विद्यार्थ्याने सावध व्हावे. दियत्रेफसची बाजू आपल्यापर्यंत आलेलीच नाही. त्याच वडिलांच्या नावे असलेल्या दुसऱ्या पत्रात नेमका उलटा आदेश आहे : आमची शिकवण न मानणाऱ्याला घरात घेऊ नका, त्याला अभिवादनही करू नका. एका पत्रात दार लावा म्हणणारा दुसऱ्या पत्रात दार लावल्याबद्दल रागावतो. आडॉल्फ फॉन हार्नाक या जर्मन अभ्यासकाने १८९७मध्ये असे सुचवले, की दियत्रेफस हा स्थानिक मंडळीचे स्वातंत्र्य राखणारा पुढारी असावा आणि वडील हे बाहेरून सत्ता चालवू पाहणारे. १९५१मध्ये एर्न्स्ट केझेमान तर आणखी पुढे गेला; त्याच्या मते पाखंडाचा आरोप वडिलांवरच असावा. ही अनुमाने सर्वमान्य नाहीत, पण ती एक चांगली सवय लावतात. 'गर्विष्ठ' हे विशेषण नेहमी दुसरा कुणीतरी लावतो. आपले दार आपण तत्त्वासाठी लावतो. शेजाऱ्याने लावले की तो ताठा.

आणि पाहुणा तरी निर्मळ कुठे होता? 'दिदाखे', म्हणजे बारा प्रेषितांची शिकवण, हा छोटा ग्रंथ कित्येक शतके लुप्त होता. फिलोथेओस ब्रिएनिओस यांना त्याचे हस्तलिखित १८७३मध्ये कॉन्स्टँटिनोपल इथे सापडले आणि त्यांनी ते १८८३मध्ये छापले. प्रवासी प्रेषितासाठी त्यात दिलेले नियम वाचताना हसू येते आणि वाईटही वाटते. प्रेषित आला तर प्रभूसारखे त्याचे स्वागत करा. त्याने एक दिवस राहावे, गरज पडल्यास दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. कायम राहायचे असेल तर हाताला काम हवे. आयते खाऊन राहू पाहणाऱ्यासाठी या ग्रंथाने एक कडवट शब्द वापरला : ख्रिस्ताच्या नावाचा व्यापारी. दुसऱ्या शतकातील उपहासकार लुकियन यानेही पेरेग्रिनस नावाच्या भोंदूची हकीकत लिहिताना नेमके हेच दाखवले, की भोळ्या ख्रिस्ती लोकांच्या पाहुणचारावर असा माणूस कसा गब्बर होतो. गर्व यजमानाचा तसा पाहुण्याचाही. माझे येणे हेच तुमचे भाग्य, असे समजणारा पाहुणा आपण सर्वांनी पाहिलेला आहे.

आता पंगतीकडे येऊ. करिंथ इथल्या मंडळीला पौलाने सुमारे इसवी सन ५४मध्ये लिहिलेल्या पत्रात एक संतापाचा उतारा आहे. मंडळी प्रभुभोजनासाठी जमते खरी, पण प्रत्येक जण आपापले जेवण आधीच उरकतो. कुणी उपाशी राहतो, कुणी पिऊन तर्र होतो. घटना समजायला अवघड नाही. घरधनी आणि त्याच्या बरोबरीचे लोक लवकर येत, आतल्या दालनात लवंडून जेवत. गुलाम आणि मजूर काम आटोपून उशिरा येत, तोवर उरलेसुरले असे. रोमन भोजनगृहात तीन आसने आणि साधारण नऊ माणसे मावत. बाकीच्यांची सोय बाहेरच्या चौकात होत असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पाहुण्यांच्या पायरीप्रमाणे अन्नाची प्रत बदलणे ही त्या समाजात सर्रास चाल होती. धाकट्या प्लिनीने एका पत्रात अशा यजमानाचे वर्णन केले आहे, ज्याने एकाच मेजवानीत तीन प्रतींची मद्ये तीन दर्जांच्या माणसांसाठी ठेवली होती. करिंथच्या ख्रिस्ती यजमानाने काही नवीन पाप केले नव्हते. त्याने फक्त जगाची रीत देवाच्या पंगतीत आणली होती, आणि ती करताना आपण लोकांना घरी बोलावून जेवू घालतो याचा अभिमानही बहुधा बाळगला होता.

दुसरा प्रसंग अंत्युखियाचा. पौलाच्याच गलतीकरांच्या पत्रात तो आहे. पेत्र तिथे यहुदी नसलेल्या ख्रिस्ती बांधवांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही कर्मठ मंडळी आली, आणि पेत्र हळूच त्या पंगतीतून उठू लागला. त्याचे पाहून बाकीचे यहुदी उठले. शेवटी बर्णबाही उठला. पौलाने पेत्राला चारचौघांत तोंडावर सुनावले. युरोपातील भाष्यकारांना हा प्रसंग समजावून सांगण्यासाठी पानेच्या पाने खर्चावी लागली. मराठी वाचकाला एवढे सांगितले तरी पुरे : गावाहून मोठे भटजी आले आणि सुधारक पाहुणा पानावरून उठला. अर्थात ही तुलना फार ताणू नये. यहुदी अन्ननियम हे परकीय सत्तेखाली एका समाजाने स्वतःची ओळख जपण्याचे साधन होते. आपल्याकडील पंक्तिभेद हा जन्मावरून माणसांची उतरंड लावण्याचा प्रकार होता. पण पानावरून उठणाऱ्याच्या मनातले भय दोन्हीकडे सारखेच आहे. त्याला समोरच्या माणसाचा तिटकारा असेलच असे नाही. आपल्या माणसांतला आपला मान जाईल, ही त्याची खरी भीती.

ही भीती पुण्याने १८९०मध्ये पाहिली. पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील प्रतिष्ठितांना बोलावले गेले. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले अशी मंडळी होती. चहा आणि बिस्किटे आली. कुणी घेतली, कुणी नुसता मान राखण्यापुरता पेला हाती धरला. या साऱ्यामागे गोपाळराव जोशी यांचा हात होता. पुढे 'पुणे वैभव' पत्रात उपस्थितांची नावे छापून आली आणि गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्ते झाली. १८९२मध्ये रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत ते दिवस आहेत.

या प्रकरणाची चर्चा आपल्याकडे नेहमी सुधारक आणि सनातनी अशी होते. आम्हांला त्यात आतिथ्याची शोकान्तिका अधिक दिसते. पाहुण्यांना कपभर चहा निर्मळ मनाने घेता आला नाही. बोलावण्यामागे असलेल्याने त्या चहाचा सापळा केला. पाहुण्यांची यादी वर्तमानपत्रात जाते त्या क्षणी पाहुणचार संपतो आणि पुरावा सुरू होतो. सनातन्यांचा गर्व सर्वांनी पाहिला. बोलावून उघडे पाडणाऱ्याचा गर्व मात्र चतुराई म्हणून खपून गेला.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत जाऊ. 'स्मृतिचित्रे' १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. त्याच्या आरंभीच लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे आहे. घरात येणारी वस्तू धुऊन घेतल्याशिवाय चालायचे नाही, असे ते वेड. लेखिका हे विनोदाने सांगते, पण त्या विनोदाखाली सारे घर भरडले गेले आहे. पुढे नवरा मिळाला तो याच्या नेमका उलट. टिळक घरात धान्य आहे की नाही याची चौकशी न करता माणसे जेवायला आणत आणि हाती असेल ते देऊन टाकत. एका घराला शिवण्याचे भय, दुसऱ्याला देण्याची झिंग. आणि दोन्ही ठिकाणी चुलीपुढे एक बाई. टिळकांच्या औदार्याचे आपण गोडवे गातो, पण त्या औदार्याचा खर्च कुणी सोसला हे लक्ष्मीबाई हसत हसत लिहून ठेवतात. यजमान हा शब्द इथे तपासून पाहण्यासारखा आहे. संस्कृतमध्ये 'यजमान' म्हणजे जो स्वतःसाठी यज्ञ करवतो, ज्याच्या पदरी फळ पडते तो. राबणारे वेगळे, पुण्य यजमानाचे. मराठीत आपण नवऱ्यालाही यजमान म्हणतो, यात भाषेने आपल्याही नकळत एक सत्य सांगून टाकले आहे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई बरीच वर्षे नातेवाइकांकडे राहिल्या आणि मग नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नवऱ्याजवळ आल्या. सुरुवातीला चूल वेगळी, पाणी वेगळे. त्यांचे सोवळे सुटले ते कुणा उपदेशकाच्या व्याख्यानाने नाही. जात ही देवाने केलेली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच उलटसुलट करून पाहिला, उत्तर मिळाले, आणि मग कुणाच्याही हातचे खायला त्या मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा नंतर, १९००मध्ये. हा क्रम आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांचे खरे धर्मांतर पाण्याच्या कुंडाशी होण्याआधी पाण्याच्या भांड्याशी झाले. म्हणून त्या सारख्या स्वयंपाकघरात जातात. ते त्यांच्या जगाचे कुंपण होते असे म्हणून चालणार नाही. त्यांचा धर्मविचार तिथेच घडत होता. अंत्युखियाला पेत्राला जे जमले नाही, ते या बाईला भाताच्या पातेल्यापाशी जमले. पुढे त्यांच्या घरी बालकवी मुलासारखे राहिले, ही मराठी कवितेला ठाऊक असलेली गोष्टही याच घराची.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. वेगळी चूल म्हणजे गर्व आणि एक चूल म्हणजे प्रेम, इतके हे सोपे आहे काय? नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९मध्ये मुंबईत शारदासदन काढले आणि दुसऱ्या वर्षी ते पुण्याला नेले. स्वतः १८८३मध्ये इंग्लंडातील वाँटेज इथे ख्रिस्ती झालेल्या या बाईने आपल्या आश्रमातील हिंदू विधवांना त्यांचे आचार पाळता यावेत म्हणून सोय ठेवली. स्वयंपाक त्यांच्या रीतीने होई. इथे चूल वेगळी होती, पण ती पाहुण्याच्या मनासाठी. यजमानाने आपला नियम मागे घेतला होता. खुद्द पौलाने रोमकरांना हेच लिहिले होते, की खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये. म्हणून प्रश्न चुली किती हा नव्हे. चुलींच्या मधली रेघ कुणी आखली आणि कुणाच्या सोयीसाठी, हा आहे. आणि वाँटेजला रमाबाई स्वतः पाहुण्या असताना त्यांनी आश्रय देणाऱ्या भगिनींशी सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यावरून जी पत्रे लिहिली, ती वाचली की कळते, पाहुण्याचा स्वाभिमान आणि पाहुण्याचा गर्व या निराळ्या गोष्टी आहेत. आश्रय घेतला म्हणून बुद्धी गहाण ठेवली नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. कृष्णाने दुर्योधनाच्या पक्वान्नांना नकार दिला आणि तो विदुराघरी जेवला, यात आपण कृष्णाला गर्विष्ठ म्हणत नाही. विकत घेऊ पाहणाऱ्या पाहुणचाराला नाही म्हणण्याचा हक्क पाहुण्याला असतोच.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : ख्रिस्ती मंडळीने तरी इथे काय केले? उत्तर फारसे भूषणावह नाही. दक्षिणेकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वरच्या जातींतून आलेले ख्रिस्ती वेगळे बसत आणि प्रभुभोजनाचा प्याला आधी घेत. १८३३मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हा भेद तत्काळ आणि कायमचा बंद करण्याचा आदेश काढला, तेव्हा पुष्कळ जण मंडळी सोडून गेले. करिंथ पुन्हा घडले, तेही बाप्तिस्मा झालेल्या माणसांत. महाराष्ट्रात आणखी एक गाठ होती. मिशन बंगल्यातला गोरा यजमान वस्तुतः या देशात पाहुणा होता. पण पगार, शाळा, दवाखाना हे सारे त्याच्या हाती असल्याने पाहुणाच घरधनी झाला आणि घरचा माणूस त्याच्या दारी आश्रित. टिळकांना हे आयुष्यभर सलत राहिले. १९१७मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. दरबार फार टिकला नाही. दोन वर्षांत टिळकच गेले. पण उंबरठा ज्याचा अधिकार त्याचा, या जुन्या नियमाला दिलेले ते मराठी उत्तर होते.

त्या जुन्या मंडळीचे पुढे काय झाले, तेही पाहण्याजोगे आहे. चौथ्या शतकात आतिथ्याच्या संस्था उभ्या राहिल्या. कैसरियाचे बासिल यांनी प्रवासी, रोगी, दरिद्री यांच्यासाठी मोठी वसाहतच उभारली. सम्राट ज्युलियन हा ख्रिस्ती धर्माचा विरोधक. पण त्याच्या नावावरील एका पत्रात तो आपल्या पुरोहितांना बजावतो, की परक्यांविषयीच्या कळकळीमुळेच हे लोक वाढले, तुम्हीही तसे करा. शत्रूचे याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते? आणि नेमक्या याच काळात योहान क्रिसोस्तोम आपल्या श्रोत्यांना फटकारत होते : मंडळीची धर्मशाळा आहे म्हणून तुम्ही सुटला असे समजू नका, आपल्या घरात परक्यासाठी एक खोली ठेवा. त्यांना कळले होते, की आतिथ्य संस्थेकडे सोपवले की दान वाढते, पण परक्याच्या समोर बसण्याचा प्रसंग टळतो. वर्गणी देणाऱ्याला कुणाच्या हातून काही घ्यावे लागत नाही.

आमच्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. ग्रीक भाषेत 'झेनोस' हा एकच शब्द परका, पाहुणा आणि यजमान या तिन्ही अर्थांनी येतो. लॅटिनमधील 'होस्पेस'ही यजमान आणि पाहुणा दोघांचा. लूकच्या शुभवर्तमानातील अम्माऊसच्या वाटेवरची गोष्ट याच शब्दावर उभी आहे असे म्हणता येईल : दोघे वाटसरू एका अनोळखी माणसाला आग्रहाने घरी नेतात, आणि जेवायला बसल्यावर भाकरी हाती घेऊन मोडतो तो पाहुणाच. त्या क्षणी ते त्याला ओळखतात. यजमानाने आपली जागा सोडल्याखेरीज ओळख पटत नाही. मराठीत आपण यजमान आणि पाहुणा हे शब्द पक्के वेगळे ठेवले, आणि आग्रह नावाची एक कला वाढवली. आमच्या विदर्भात तर पाहुणा नको नको म्हणत असताना पानात वाढलेच पाहिजे, नाहीतर पाहुणचार कसला! त्यात माया आहे, हे खरे. पण आग्रहाने वाढणाऱ्या किती जणांना, ज्याला वाढले त्याच्या घरी जाऊन मांडीवर पान घेता येते, हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारावे. पैठणच्या नाथांची श्राद्धाची गोष्ट आपण सांगतो, ब्राह्मणांसाठी रांधलेले अन्न त्यांनी महारांना वाढले अशी. आणि सांगून झाल्यावर सद्गदित होतो. महाराघरी नाथ जेवायला गेल्याचीही कथा परंपरेने जपली आहे. ती आपण कमी वेळा सांगतो. पहिली गोष्ट देण्याची आहे, दुसरी घेण्याची.

म्हणून साहित्याच्या शिक्षकांना आमचे एक सांगणे आहे. 'स्मृतिचित्रे' वर्गात शिकवताना प्रांजळपणा, विनोद, स्त्री-आत्मकथन ही तीन खाती लिहून पान उलटू नये. हे पुस्तक आतिथ्य आणि गर्व यांवरचे मराठीतील एक थोर चिंतन आहे. त्याच्या शेजारी करिंथचे आणि गायसचे पत्र ठेवावे, रमाबाई रानड्यांच्या आठवणी ठेवाव्यात. ती पत्रे ख्रिस्ती लोकांची धर्मपुस्तके, आपला त्यांच्याशी काय संबंध, असे कुणी म्हणेल. ते म्हणणे म्हणजे पुन्हा पानावरून उठणेच आहे.

सावनेरच्या त्या संध्याकाळी वाचन संपल्यावर घरच्या काकूंनी चहा आणला. कागदी कपांत. आम्ही वीसेक माणसे होतो. भांडी घासण्याचा त्रास कशाला, हे अगदी बरोबर. चहा पिता पिता त्याच विद्यार्थिनीने हलकेच विचारले, "काकू, आम्ही नसतो तर कपबशीच काढली असती ना?" काकू हसल्या. मग थोडा वेळ कुणीच काही बोलले नाही, कारण 'आम्ही' या शब्दात ती कुणाला धरत होती हे कुणाला नीट कळले नाही, आणि कळून घ्यायचेही नव्हते. कागदी कपाने सर्वांना सारखे केले की जुना प्रश्न नुसता झाकून टाकला, याचा निकाल आम्ही तिथे लावू शकलो नाही.

निघताना त्या मुलीने पुढचे वाचन आपल्या घरी ठेवण्याचे सुचवले. तिचे घर खाणीच्या बाजूला, दोन खोल्यांचे. वडील बाहेरगावाहून कामासाठी आलेले. आमच्यापैकी एक-दोघांनी लगेच म्हटले, "कशाला उगीच तुम्हांला त्रास, इथेच बरे आहे." बोलून झाल्यावर आमचे आम्हांलाच लक्षात आले, की दियत्रेफस दर वेळी दार लावूनच येतो असे नाही; कधी कधी तो फार सौजन्याने बोलतो. पुढचे वाचन तिच्या घरी ठरले आहे. कपबशा तिच्या असतील, आणि कोणता कप कुणाला हे तीच ठरवील.